फणसमावशी

फणसमावशीची ओळख कुणाला करून घ्यावी लागत नसे. ती स्वतःच करून द्यायची, आणि तीही समोरच्याचा हात धरून. लोणावळ्याच्या बाजारात टोपलीमागं बसलेली असताना एखादं गिऱ्हाईक तिच्या अंगाकडं बघून बिचकलं, की ती उठायची, त्याचं मनगट पकडायची आणि त्याचा पंजा स्वतःच्या दंडावर दाबून धरायची. "चेप. चेप की! मला दुकत न्हाई आन् तुला लागत न्हाई. उद्या सकाळी उठून बोटं मोज. कमी भरली तर फणस फुकट."

तिच्या अंगभर गाठी होत्या. काही हरभऱ्याएवढ्या, काही आवळ्याएवढ्या, मऊ, कातडीच्या रंगाच्या. मानेवर, हातांवर, पाठीवर, एक भुवईच्या वर. वाडीतल्या पोरांनी तिला फणसमावशी हे नाव त्या गाठींवरून ठेवलं होतं. ती उन्हाळ्यात फणस आणि करवंदं विकायची म्हणून ते नाव पडलं, असं बाजारातल्या सभ्य लोकांना वाटे. तिला दोन्ही ठाऊक होतं. बाहेरून काटे आणि आत गोड गरे, असलं काही मी तिच्याबद्दल लिहिणार नाही. ती आतूनही काटेरीच होती. तिच्या वाट्याला जे आलं आणि ज्यांच्या हातून आलं, ते पाहता तिनं तसंच असायला हवं होतं. आज तिची आठवण काढून "बिचारी" म्हणणारी माणसं भेटतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. ती बिचारी कधीच नव्हती. आम्ही तिच्याशी नीच वागलो, ही गोष्ट वेगळी आहे.

लोहगडाच्या पलीकडच्या अंगाला, पवनेच्या खोऱ्याकडं उतरणाऱ्या एका वाडीत ती राहायची. त्या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली. मी तळेगावचा, नुकताच ट्रेनिंग संपवून आलेला, आणि आपण या डोंगरात उजेड घेऊन आलो आहोत अशी माझी पक्की समजूत होती. शाळा सुरू होऊन आठवडा झाला नसेल, तोच ती मुलीला घेऊन दारात उभी राहिली. मुलीचं नाव बायडी, वय आठच्या आसपास. मुलीच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ नाम्या. मी मावशीकडं बघून एक पाऊल मागं सरलो. तिनं लगेच माझा हात धरला आणि दंडावर दाबला. मी हात हिसकून घेतला, कोपऱ्यातल्या माठापाशी गेलो आणि तिच्यादेखत हात धुतले.

"धुवा, धुवा," ती म्हणाली. "साबन हाय का? नसंल तर घरनं राख आनून देती."

बायडीच्या अंगावर गाठी नव्हत्या, डाग होते. दुधाच्या चहासारख्या रंगाचे, सपाट, काही तळहाताएवढे. गरोदरपणी मावशीनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून ते उमटले, असं बायका म्हणत. पुरुष त्याहून वाईट बोलत. आईच्या गाठी आणि मुलीचे डाग एकत्र पाहून त्यांनी महारोग ठरवून टाकला होता. मावशीचा नवरा याच बोलण्याला भिऊन कामशेतकडं निघून गेला आणि तिकडं त्यानं दुसरं घर केलं. पाटील माझ्याकडं आले. "गुरुजी, ती पोर आत बसली तर आमची पोरं घरी बसतील." मी बायडीला दाराबाहेर, वळचणीला पोतं टाकून बसवलं. तिथूनही फळा दिसतो, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मावशी नाचणीनं भरलेलं पाखडायचं सूप घेऊन आली आणि त्याच पोत्यावर मुलीशेजारी बसली. "माजी पोर हितं बसती, तर म्या बी हितं बसती. शिकवा मला बी." ती रोज यायची. नाचणी पाखडता पाखडता वर्गाकडं बघायची आणि मधेच ओरडायची, "ए बंड्या, नाक पूस आदी, मग पाडा म्हन!" पोरं पहिल्यांदा घाबरली, मग हसायला लागली, मग मधल्या सुट्टीत तिच्याभोवती गोळा व्हायला लागली, कारण तिच्या कनवटीला करवंदं असायची. एकाचंही बोट झडलं नाही. पावसाची झड लागली, तेव्हा मी बायडीला आत घेतलं. पुढं कितीतरी वर्षं मी ही गोष्ट "मी त्या मुलीला वर्गात घेतलं" अशी सांगत असे. खरं तर मावशीनं मला शाळेबाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

तरी वाडीची कुजबुज थांबेना. म्हणून महारोगाच्या तपासणीसाठी गावोगाव फिरणारा सरकारी माणूस आला, तेव्हा मावशी स्वतः बायडीला घेऊन देवळासमोर गेली. सगळी वाडी जमली. त्यानं बायडीला डोळे मिटायला लावले आणि एकेका डागाला पिसाचं टोक लावून विचारलं, "कुठं लागलं?" महारोगाचा डाग बधिर असतो. बायडी दर खेपेला नेमकी तिथंच बोट ठेवायची. मग त्यानं तिचं पोलकं मागून वर केलं आणि पाठीवरचे डाग तपासले. शेवटी तो पुटपुटला, "महारोग नाही. आईलाही नाही."

"मोठ्यानं बोला," मावशी म्हणाली. "पाटलास्नी कमी ऐकू येतं."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. माणसं पांगली. जाता जाता एक जण म्हणालाच, "ह्याला काय कळतंय."

आता मी जे सांगतो आहे, त्यासाठीच हे लिहायला घेतलं. त्या दिवशी ती मुलगी देवळासमोर उघड्या पाठीनं उभी होती. तपासणीस होता, पाटील होते, वाडी होती, आणि मी तिच्या बरोबर मागं उभा होतो. तिचा उजवा खवाटा, खांद्यामागचं पसरट हाड, वर आला होता. कण्याची रेघ मधेच एका बाजूला वळून पुन्हा खाली आली होती. आम्ही सगळ्यांनी डाग पाहिले. पाठ मला दिसली, नाही असं नाही. मी काय म्हणालो? "बायडे, सरळ उभी राहा."

पाठ वाकडी का, याचं उत्तर वाडीत तयार होतं. नाम्याला सारखं उजव्या कडेवर घेऊन फिरते म्हणून. आमच्याकडं थोरल्या मुलीची कड म्हणजे धाकट्याचा पाळणाच. हे उत्तर मला पटलं, कारण ट्रेनिंगमध्ये मला चुकीच्या सवयींनी शरीर बिघडतं असंच शिकवलं होतं. मी मोठ्या उत्साहानं उपाय सांगितला. नाम्याला डाव्या कडेवर घ्यायचं, पाण्याचा हंडाही डाव्या कडेवर, आणि रोज सकाळी शाळेमागच्या उंबराच्या फांदीला लोंबकळायचं. बायडी लोंबकळायची आणि मी पोरांना दाखवायचो, हा पाहा व्यायाम. वर्गात ती वाकडी बसलेली दिसली की मी तिच्या पाठीवर पट्टी टेकवून म्हणायचो, "सरळ."

एकदा ती म्हणाली, "गुरुजी, म्या सरळच बसलीया. पाठच तशी हाय."

मी हसलो. वर्गही हसला.

मावशीला शंका होती. जगात कुणाचं न ऐकणारी ती बाई मुलीच्या पाठीपुढं मात्र मऊ व्हायची. तिनं मला दोनदा तरी विचारलं असेल, "गुरुजी, पुन्याला दावू का हिला? तुमी म्हनशिला तर जाती." मी म्हणालो, "कशाला उगाच? सवय आहे. सवय मोडली की पाठ सरळ होईल." ती मान हलवून गेली. माझ्यावर विश्वास ठेवण्याएवढा मोठा मूर्खपणा तिनं आयुष्यात दुसरा केला नाही. तो तिनं केला, कारण मी शिकलेला होतो.

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या आवणीत बायडी पहिल्यांदाच बायकांच्या ओळीत भात लावायला उभी राहिली. आवणीला बायका दिवसभर ओणव्या असतात आणि पावसासाठी प्रत्येकीच्या पाठीवर कामट्या-पानांचं इरलं असतं. बायडीचं इरलं सारखं डावीकडं घसरायचं. मावशीनं तिला शिव्या दिल्या, मग सुंभानं इरलं आवळून बांधलं, तरी घसरलं. "आये, किती बी बांद, त्ये ऱ्हानार न्हाई," बायडी म्हणाली. मावशीनं इरलं काढून बांधावर फेकलं आणि ओल्या पोलक्यावरून पोरीच्या पाठीवर हात फिरवला. उजव्या बाजूच्या बरगड्या उलट्या सुपासारख्या वर आल्या होत्या.

ती तशीच, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, पोरीला ओढत शाळेत आली. वर्ग चालू होता. तिनं बायडीला माझ्यासमोर ओणवं केलं.

"गुरुजी, ह्ये बगा. ही सवय हाय व्हय? कुनाची सवय? हिची का तुमची?"

ती पोरांकडं वळली. "आज शाळा सुटली. गुरुजींस्नी पुन्याला जायाचं हाय."

मळवलीला आम्ही पुण्याची गाडी धरली. मावशी बाकावर बसताच आजूबाजूची माणसं उठून पलीकडं गेली. "बस बायडे, पाय पसर," ती म्हणाली. "येवड्या गाठीत तुझ्या आयनं राजाचा डबा घेतलाय." बायडी खुदकन हसली. मी मात्र दाराजवळ उभा राहिलो. पाय मोकळे करायला म्हणून उभा आहे, असं मी सांगितलं. तळेगाव स्टेशनवर ओळखीचं कुणी चढेल, ही भीती मनात होती, हे आता लिहितो.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातला हाडांचा डॉक्टर तरुण होता आणि थकलेला होता. त्यानं बायडीला ओणवं केलं, मागं जाऊन पाठीच्या पातळीत डोळा लावून पाहिलं. मग डाग पाहिले. मग मावशीला जवळ बोलावून तिच्या दंडावरची एक गाठ आपल्या बोटांनी दाबून पाहिली. तिनं हात न धरता, स्वतःहून तिला हात लावणारा मी पाहिलेला तो पहिला माणूस.

"हा एकच आजार आहे," तो म्हणाला. "तुमच्या गाठी, हिचे डाग आणि ही पाठ. हा रक्तातून येतो. तुमच्याकडून हिच्याकडं आला. मुलाच्या अंगावर डाग नाहीत म्हणता, म्हणजे त्याच्याकडं तो आलेला दिसत नाही."

"म्हंजी म्याच दिला व्हय?"

"तुम्ही दिला नाही. आला. त्यात कुणाचा दोष नाही."

"आन् कडंवर पोर घेतलं म्हनून?"

"त्याचा काही संबंध नाही. हाडच आतून कमजोर होतं. हंडा इकडं घ्या नाहीतर तिकडं घ्या, व्यायाम करा, काही उपयोग नसतो. असे डाग असलेल्या पोरांच्या पाठीवर लहानपणापासून नजर ठेवावी लागते. वाक दिसला की लगेच आणायचं असतं, कारण यांची पाठ फार झपाट्यानं वाकते. वर्ष-दोन वर्षांपूर्वी आणली असती तर थोड्या वाकावरच मणके जोडून टाकले असते." मग तो चिडला. "तुम्ही लोक असंच करता. सगळं हाताबाहेर गेलं की आणता. इतकी वर्षं पाठ दिसली नाही?"

"पाठ मागं असती, सायब," मावशी म्हणाली. "ज्याची त्याला दिसत न्हाई. मागं जो हुबा असंल त्यानं सांगायची असती."

तिनं माझं नाव घेतलं नाही. मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. 'डॉक्टर, ही आणत होती, मी थांबवलं' एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. ते मी म्हणालो नाही. डॉक्टर तिला अडाणी समजला आणि मी त्याला समजू दिलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती माझ्याकडं वळली. "आत तोंडात मिठाची गुळनी धरली व्हती का? वर्गात तर लय बोलता."

पुढचं वर्ष बायडी दवाखान्यात होती. आधी गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टर, मग ऑपरेशन. तिचंच हाड काढून मणके एकमेकांना जोडले, आणि पुन्हा महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये आडवं ठेवलं. ऑपरेशनमध्ये पाय जाऊ शकतात, असं आधी सांगितलं होतं. मावशीनं विचारलं, "आन् न्हाई केलं तर?" तर पाठ वाकत जाईल, छाती दबत जाईल, पाय मग तसेही जातील. "मग करा की. इच्यारताय काय." वॉर्डात ती पलंगाखाली झोपायची. शेजारच्या बायकांनी तक्रार केली, म्हणून नर्सनं तिला अंग झाकून बसायला सांगितलं. तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे केले आणि वॉर्डभर फिरून प्रत्येकीला चेपायला लावलं. मी महिन्यातून एकदा जायचो. बायडी छताकडं बघत पाढे म्हणायची. मी गेलो की मावशी म्हणायची, "बायडे, सरळ ऱ्हा, गुरुजी आलं." प्लास्टरमध्ये जखडलेली मुलगी हसायची. मला हसता येत नसे, आणि येऊ नये हीच मावशीची इच्छा होती.

बायडी चालत घरी आली. वाक थांबला होता, पण जेवढा आला होता तेवढा राहिला. तिची उंची तिथंच थांबली, एक खांदा खाली, एक वर, आणि चढ चढताना दम लागायचा. वाडीतल्या बायका म्हणाल्या, एवढं करून वाकडी ती वाकडीच. जी पाठ वेळेवर कुणी पाहिलीच नाही, ती सरळ का झाली नाही याची चौकशी करायला आता सगळे हजर होते. मावशीनं त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या मी इथं लिहू शकत नाही. त्या चुकीच्या होत्या असं मात्र मला वाटत नाही.

माझी बदली झाली, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात करवंदं निवडत होती. मी पुष्कळ घोकून गेलो होतो, पण "मावशी, माझ्या हातून..." एवढ्यावरच अडखळलो. तिनं वर पाहिलं नाही.

"माफी मागाय आलाय व्हय? तिनं पोरीची पाठ सरळ व्हनार हाय का?"

"नाही."

"मग ठिवा तुमच्याजवळ. मला काय करायची?" मग थोड्या वेळानं तिनं करवंदांचा द्रोण माझ्याकडं सरकवला. "खावा. गाडीला येळ हाय." हात धुवायला पाणी दिलं नाही. मी मागितलंही नाही.

त्यानंतर बाजारात ती कधीमधी भेटायची. पवनेवर धरण झालं, खालची गावं उठली, डोंगरात वाटा झाल्या. तिची टोपली तिथंच असायची. मग एका उन्हाळ्यात टोपली दिसेना. मांडीवरची एक गाठ अचानक वाढायला लागली होती. ज्या गाठी दुखत नाहीत म्हणून तिनं साऱ्या लोणावळ्याला चेपायला लावल्या, त्यातली ही दुखत होती. ती पुण्याला गेली नाही. "माजा पुन्याचा वाटा पोरीनं वापरला," म्हणाली. पावसाळा संपता संपता ती गेली. नाम्या तळेगावपर्यंत येऊन मला सांगून गेला.

मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती आणि वाडीतले पुरुष देवळाच्या पारावर हाताची घडी घालून उभे होते. महारोग नाही, हे त्याच देवळासमोर मोठ्यानं सांगून झालं होतं, तरी कुणी पुढं येईना. खांद्याला नाम्या होता, मावशीचा भाऊ होता, मी होतो. चौथा नव्हता. मी पाराकडं बघून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या वाडीत वर्गाबाहेर आवाज चढवला होता. दोघे-तिघे खाली बघायला लागले. पाटील म्हणाले, "गुरुजी, जरा दमानं. सांच्याला बगू कोन येतंय ते."

बायडी घरातून बाहेर आली. तिनं पदर खोचला आणि पुढची डावी बाजू धरली. बाईनं खांदा द्यायचा नसतो, असं कुणीतरी म्हणालं. तिनं मान वळवून पाहिलं.

आम्ही उचललं. तिच्या बाजूला तिरडी एकदम खाली गेली, कारण तिचा खांदा आमच्या छातीएवढाच येत होता. मावशीचा भाऊ मागून म्हणाला, "वाकडी व्हतीया रं. सरळ धरा, सरळ."

"वाकडीच ऱ्हाऊ दे, मामा," बायडी म्हणाली. तिला दम लागला होता, तरी आवाज पारापर्यंत गेला. "ज्यास्नी सरळ न्यायची आसंल, त्येंनी हिकडं येऊन खांदा द्यावा."

कुणी आलं नाही. आम्ही चौघं चालायला लागलो. चढावर ती दर थोड्या पावलांनी थांबायची, श्वास घ्यायची, आणि आम्ही तिच्याबरोबर थांबायचो. मी तिच्या मागं होतो. माझ्या डोळ्यांसमोर सगळी वाट तिची पाठ होती.